पट्टा सैल असताना कीटकनाशकाला दोष नको

धान निसवू लागले, की एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. नवा रायपूरच्या भोवतालच्या आरंग, अभनपूर भागातून तो येतो, आणि सीमेपलीकडून, गोंदिया-भंडाऱ्याकडूनही येतो. "औषध मारले, पण माहो हटला नाही. आता दुसरे कोणते मारू?" छत्तीसगडात ज्याला माहो म्हणतात तोच महाराष्ट्रातील धान उत्पादकांचा तपकिरी तुडतुडा. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तराचा अर्धा भाग ठरलेला असतो: कीड औषधाला सरावली आहे. दुर्दैवाने उत्तर देणाऱ्याच्याही मनात तो अर्धा भाग बहुधा ठरलेलाच असतो.

कीड सरावते, यात शंका नाही. इमिडाक्लोप्रिडला तपकिरी तुडतुड्यांनी दाद न देणे आशिया खंडात या शतकाच्या पहिल्या दशकातच नोंदले गेले आहे आणि भारतही त्याला अपवाद नाही. तथापि प्रतिकारक्षमतेचा निष्कर्ष काढण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरवलेली मात्रा पिकाच्या बुंध्यापर्यंत पोहोचली होती का? आणि ज्या शेतांवर इंजिनावरचा, मोटरीवरचा किंवा ट्रॅक्टरवरचा एचटीपी पंप वापरला जातो, तेथे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका रबरी पट्ट्यात आणि त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये दडलेले असते.

कीटकशास्त्रज्ञाने पट्ट्याविषयी का लिहावे, अशी शंका काही सहकाऱ्यांनी यापूर्वी व्यक्त केली आहे. हा विषय कृषी अभियांत्रिकी विभागाचा, असे त्यांचे म्हणणे. विभागांची ही वाटणी संस्थेच्या इमारतीपुरती ठीक आहे. शेतात पट्टा घसरतो तेव्हा नोंद मात्र आमच्या वहीत होते: "कीटकनाशक निष्प्रभ".

हे घडते कसे, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बिघाडाचे लक्षण आपण जेथे शोधतो तेथे ते दिसत नाही. एचटीपी पंप हा पिस्टनचा पंप असतो. जितके फेरे, तितके पाणी. तो साधारणपणे मिनिटाला 800 ते 1,000 फेऱ्यांवर चालावा अशी त्याची रचना असते आणि हे फेरे त्याला पट्ट्यावाटे मिळतात. पट्टा घसरू लागला, की इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत राहते, आवाजही फारसा बदलत नाही. फक्त पंपाचे फेरे कमी होतात. पंपाची क्षमता नॉझलच्या गरजेपेक्षा थोडी जास्त असते आणि जादा पाणी दाब-नियंत्रकातून परतीच्या नळीने टाकीत जाते. त्यामुळे घसरण सुरू झाल्यावर सर्वांत आधी आटते ती ही परतीची धार. दाबमापकाचा काटा तोवर जागचा हलत नाही. शेतकरी निश्चिंत असतो.

परंतु परतीची हीच धार अनेक संचांत टाकीतील द्रावण ढवळत असते. ती आटली की पाण्यात मिसळणारी भुकटी तळाशी बसू लागते. मग त्याच टाकीतून एका बांधीला दाट आणि दुसऱ्या बांधीला पातळ द्रावण जाते. आठ दिवसांनी शेतात ठिपक्याठिपक्यांनी तुडतुडे शिल्लक दिसतात, आणि आपण म्हणतो, काही किडी वाचल्या, म्हणजे प्रतिकारक्षमता आली.

घसरण आणखी वाढली, की नॉझलला मिळणारे पाणीच कमी पडते. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. नॉझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे प्रवाह 20 टक्क्यांनी घटला तर दाब 36 टक्क्यांनी घटलेला असतो. दाब घटला की थेंब मोठे होतात, फवाऱ्याचा कोन आकसतो, गनची फेक कमी पडते. बांधावर उभे राहून मारणाऱ्या मजुराची धार बांधीच्या मध्यापर्यंत पोहोचतच नाही. चालण्याचा वेग तोच राहिल्याने एकरी औषध पाचव्या हिश्शाने कमी पडते ते वेगळेच. पानाच्या वरच्या भागावर राहणाऱ्या किडीच्या बाबतीत हे एखादे वेळी खपून जाते. तपकिरी तुडतुडे मात्र पाण्याच्या पातळीलगत, चुडाच्या बुंध्याशी राहतात. दाट पोसलेल्या धानात तेथवर फवारा उतरवणे हे दाब पुरेसा असतानाही कष्टाचेच काम आहे.

यानंतर शेतकरी जे करतो ते आपण सारे जाणतो. मात्रा वाढवतो, दोन औषधे एकत्र करतो, पाच दिवसांत पुन्हा फवारतो. अर्धवट मात्रेने तुडतुडे मरत नाहीत, पण त्यांना खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण कमी होतात. काही सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांच्या वापरानंतर तपकिरी तुडतुड्यांचा उलट उद्रेक होतो, हे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चार दशकांपूर्वीच दाखवून दिले आहे. आणि फवारणाऱ्या माणसाचे काय? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांत पट्ट्याचा संबंध जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु "औषध लागू पडत नाही" या समजुतीतून वाढवलेली मात्रा, औषधांची मिश्रणे आणि वाढलेल्या फवारण्या कोठवर नेऊ शकतात, हे विदर्भातील विस्तार कार्यकर्त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. एक अनावश्यक फवारणी टळणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नाही.

आता पट्ट्याकडे वळू. माजलेला बैल खुंटाला बांधताना दावे एकदाच अडकवले तर ते हिसक्याला सुटते. दोन-तीन वेढे दिले, की दाव्याचे मोकळे टोक लहान मुलाने धरले तरी बैल जागचा हलत नाही. पट्टा आणि पुली यांचे नाते नेमके हेच आहे. पकड तीन गोष्टींवर ठरते: घर्षण, वेढ्याचा कोन आणि मोकळ्या टोकावर धरलेला ताण. ते लहान मूल म्हणजे टेन्शनर. त्याने दावे सोडले, तर वेढे कितीही असोत, बैल गेलाच.

व्ही-पट्टा हा खाचेत पाचरीसारखा रुततो, म्हणून सपाट पट्ट्यापेक्षा त्याची पकड कितीतरी अधिक असते. अर्धा वेढा आणि 0.3 घर्षणांक धरला, तर सपाट पट्ट्याच्या ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पटच असू शकतो. 38 अंशांच्या खाचेतील व्ही-पट्ट्यात तो सुमारे अठरा पट होतो. हे कागदावरचे गणित आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड होते: व्ही-पट्टा थोड्या ताणावरही बरेच काम निभावून नेतो, आणि म्हणूनच तो सैल झाल्याचे उशिरा कळते. शिवाय ही पकड खाचेच्या दोन्ही कडांवर असते, तळावर नसते. पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकू लागला असेल, किंवा खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर कितीही ताणले तरी उपयोग नाही. तेथे पट्टा आणि बहुधा पुलीही बदलावी लागते.

आपल्याकडील यंत्रांत ताण देण्याच्या साधारण तीन पद्धती आढळतात. पहिली एचटीपी संचाची: येथे स्वतंत्र टेन्शनर नसतोच. चौकटीला लांबट गाळे असतात आणि इंजिन किंवा मोटर मागे सरकवून पट्टा ताणायचा असतो. चार बोल्टांपैकी दोनच घट्ट केलेले, वॉशर हरवलेले, चौकट गंजलेली, अशा अवस्थेतील संच अपवादात्मक नाहीत. कंपनाने इंजिन हळूहळू पुढे सरकते आणि अर्ध्या तासात पट्टा सैल पडतो. या गाळ्यात मागून दाबणारा एक ताणबोल्ट बसवून घेतला, तर इंजिन मागे सरकवताना ते तिरपे होत नाही आणि नंतर पुढेही येत नाही. गावचा वेल्डर हे काम तासाभरात करून देतो.

काही जण अशा संचाला कार्यशाळेतून ताणपुली बसवून घेतात. कल्पना चांगली आहे, पण जागा चुकते. ताणपुली नेहमी पट्ट्याच्या सैल बाजूवर असावी, म्हणजे फिरवणाऱ्या पुलीतून पट्टा बाहेर पडतो त्या बाजूवर. ताठ बाजूवर बसवली तर इंजिनाचा प्रत्येक झटका तिच्या बेअरिंगवर येतो. पट्ट्याच्या आतून दाब द्यायचा असेल तर खाचेची पुली घ्यावी आणि ती मोठ्या पुलीजवळ ठेवावी. बाहेरून दाबायचे असेल तर सपाट पुली, लहान पुलीजवळ. ती संचातील लहान पुलीपेक्षा लहान नसावी. बाहेरून दाबल्याने वेढ्याचा कोन वाढतो हे खरे. मात्र पट्टा उलटा वाकतो आणि त्याचे आयुष्य काहीसे घटते. जेथे चौकट सरकवून काम भागते तेथे मी ताणपुलीचा आग्रह धरणार नाही.

दुसरी पद्धत हार्वेस्टरवर दिसते: स्प्रिंगने ओढून धरलेला आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला ताणपुली. पंजाबातून येणारी हार्वेस्टर यंत्रे छत्तीसगड आणि पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात एका शिवारातून दुसऱ्या शिवारात अक्षरशः रात्रंदिवस फिरत असतात. एकेका यंत्रावर अनेक पट्टे आणि त्या प्रत्येकाचा आपला टेन्शनर. हंगामात थांबायला सवड कोणाला? पंख्याचा पट्टा घसरला की धानात भुसा आणि पळिंज राहते, ड्रमचा घसरला की लोंबीत दाणे राहतात आणि तणसाबरोबर मागे पडतात. भाडे देणारा शेतकरी दोष देतो वाणाला किंवा ओलाव्याला. त्याहून गंभीर बाब म्हणजे घसरणारा पट्टा तापतो, आणि हार्वेस्टरच्या पोटात सुके तणस व भुसा खच्चून भरलेला असतो. आग लागायला आणखी काय हवे? अनेक यंत्रांवर स्प्रिंगशेजारी लांबी दाखवणारी पट्टी किंवा खूण दिलेली असते. स्प्रिंग त्या खुणेइतकी ताणलेली असावी, एवढाच नियम. पण मातीने झाकलेली ती खूण पुसून पाहिली जात नाही.

तिसरी पद्धत नव्या ट्रॅक्टरांत, पिकअप वाहनांत आणि मोटारींत आढळते: आपोआप ताण राखणारा टेन्शनर. डायनॅमो, पाण्याचा पंप, वातानुकूलन यांना एकच बहुरेषीय लांब पट्टा फिरवतो. 1979 मध्ये फोर्डच्या मस्टँग मोटारीवर तो प्रथम आला आणि हळूहळू सर्वत्र पसरला. जुन्या ट्रॅक्टरांत डायनॅमोच्या लांब गाळ्यातील बोल्ट सैल करून पट्टा ताणतात. तेथे अंगठ्याने दाबून 10 ते 15 मिलिमीटर खाली जाणे सामान्यतः योग्य मानतात, तरी आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम. स्वयंचलित टेन्शनरला मात्र हात लावावा लागत नाही, आणि हाच त्याचा धोका आहे. आत पीळदार स्प्रिंग असते, तिचा थरकाप शोषणारी घर्षण-चकती असते, दांड्याला बुश असतो आणि पुलीत बेअरिंग. या चारही वस्तू पट्ट्याइतक्याच झिजतात. आपण पट्टा बदलतो, टेन्शनर तोच ठेवतो, आणि सहा महिन्यांनी नव्या पट्ट्याला नावे ठेवतो.

टेन्शनर थकल्याची लक्षणे इंजिन चालू असताना दुरूनच पाहावीत. दांडा किंचित हलणे स्वाभाविक आहे. तो सतत फडफडत असेल तर आतील घर्षण-चकती संपली. पट्टा पुलीच्या मध्यावरून न जाता कडेवरून धावत असेल तर बुश झिजून दांडा तिरपा झाला. टेन्शनरच्या सांध्यातून तांबूस गंजाची पूड ओघळलेली दिसली तरी निदान तेच. इंजिन बंद करून पट्टा उतरवल्यावर पुली हाताने फिरवावी: खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंग कोरडे पडले आहे; आणि एका झटक्यात फिरवल्यावर ती फार वेळ मोकळी भिरभिरत राहिली, तरीही वंगण निघून गेल्याची शंका घ्यावी. दांडा पान्याने मागे ओढून सोडताना तो एकसारख्या जोराने परत आला पाहिजे.

किंचाळणाऱ्या पट्ट्यावर राळ, मेण किंवा साबण लावण्याची सवय गावोगावी आहे. ती बंद व्हायला हवी. चिकटपणाने आवाज दोन तास थांबतो, धूळ आणि भुसा मात्र खाचेत कायमचा बसतो. आवाजाचे कारण कळण्यासाठी बहुरेषीय पट्ट्याच्या आतल्या बाजूवर अंतर राखून पाण्याचे हलके तुषार मारावेत. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. दोन्ही दोषांचे उपाय वेगळे आहेत आणि राळ हा त्यांपैकी कशाचाच उपाय नाही.

बदलण्याचे काम गॅरेजात होवो वा शेतावर, काही गोष्टींत तडजोड नको. किल्ली काढून खिशात, बॅटरीची ऋण तार सुटी, आणि इंजिन थंड. पट्टा कोणत्या पुलीच्या वरून व कोणत्या पुलीच्या खालून जातो, याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. पट्टा उतरल्यावर आठवणीवर विसंबणारे मिस्तरीही चुकतात. दांड्यावर पान्यासाठी षट्‌कोनी जागा किंवा चौकोनी भोक असते. तेथे लांब पाना लावून दांडा सैल बाजूस वळवावा, पट्टा काढावा आणि दांडा हळूच परत सोडावा. तो हातातून सुटला तर बोट मोडते. जुना टेन्शनर काढल्यावर नव्याची मागील खुंटी इंजिनावरील तिच्या भोकात बसली आहे ना, हे बोल्ट आवळण्यापूर्वी पाहावे. ती वर चढलेली असताना बोल्ट कसला तर टेन्शनर वाकडा बसतो आणि नवा पट्टा आठवड्यात कडेने कुरतडला जातो. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा. काही नवे टेन्शनर खिळ घालून आवळलेल्या स्थितीत येतात. ती खिळ पट्टा सर्व पुल्यांवर बसल्यानंतरच काढायची. जेथे इंजिनाच्या आतील टायमिंगचा पट्टा असतो, तेथे त्याचा टेन्शनर ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. त्याला शेतावर हात लावू नये.

आजचे बहुरेषीय पट्टे ईपीडीएम रबराचे असतात आणि ते जुन्या पट्ट्यांसारखे लवकर तडकत नाहीत. तडे दिसत नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा जुना निकष त्यांना लागू पडत नाही. टायरच्या नक्षीप्रमाणे त्यांच्या रेषा आतून खोल होत जातात आणि पट्टा खाचेत खाली बसतो. तपासणीचे प्लॅस्टिकचे लहान मापक बाजारात मिळते.

व्ही-पट्ट्यासाठी मापक सोपे आहे. दोन पुल्यांमधील मोकळ्या भागाच्या मध्यावर दाबल्यावर पट्टा एक मीटर अंतरामागे 16 मिलिमीटर खाली जावा. अंतर 45 सेंटिमीटर असेल तर सुमारे 7 मिलिमीटर. किती जोराने दाबायचे, ते पट्ट्याच्या छेदानुसार कंपनीच्या तक्त्यात असते. हुकाचा स्प्रिंग-काटा आणि एक पट्टी एवढ्यावर मोजमाप होते. अंगठ्याचा अंदाज माणसागणिक बदलतो. नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात आणि नंतर सुमारे 24 तासांच्या कामात बसतो, म्हणून दोन्ही वेळा तो पुन्हा ताणावा. बी-56 असे लिहिलेल्या पट्ट्यात बी म्हणजे छेद, 17 मिलिमीटर रुंद, आणि 56 म्हणजे आतील लांबी इंचांत. दुकानात पट्टा नाही म्हणून बी-58 आणला आणि गाळा अपुरा पडला, तर तो पट्टा कधीच नीट ताणला जाणार नाही. दोन पट्ट्यांच्या पुलीवर एकच बदलू नये; नवा सगळा भार उचलतो आणि जुना नुसता सोबतीला फिरतो. अतिताणही वाईट. पंपाच्या दांड्याचे बेअरिंग आणि मागोमाग तेलाचे सील जाते, आणि दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो.

एक निरीक्षण माझ्या विषयातले. पावसाळ्याआधी ठेवून दिलेल्या पंपांच्या पुल्यांत आणि स्प्रिंगांच्या पोकळीत कुंभारीण माशी मातीची घरटी करते. ती दिसायला निरुपद्रवी असतात. परंतु खाचेत वाळलेली माती पट्ट्याला कानशीसारखी लागते आणि टेन्शनरचा दांडा मध्येच अडतो. हंगामापूर्वी ब्रशने ती काढावी. माशीला मारू नये, ती कोळी आणून पिलांना घालते इतकेच. उंदीर मात्र पट्टा खरोखरच कुरतडतात. हंगाम संपल्यावर पट्टा सैल करून, उन्हापासून दूर, खिळ्यावर न टांगता सपाट ठेवलेला बरा.

शेतावर निदान कसे करावे? त्यासाठी तारेचा वेगमापक नको, स्पर्श न करता फेरे मोजणारे छोटे यंत्र पुरेसे आहे. मोटर 1,440 फेऱ्यांची, तिची पुली 4 इंची आणि पंपाची 6 इंची असेल, तर पंपाला 960 फेरे मिळायला हवेत. चांगल्या ताणातील पट्टा एक-दोन टक्के घसरतो, म्हणजे 940 च्या पुढे आकडा दिसला तर हरकत नाही. 780 दिसला, तर जवळजवळ 19 टक्के वेग वाटेत हरवला. हे मोजमाप गन उघडी ठेवून, पूर्ण दाबावर आणि अर्धा तास काम झाल्यावरच करावे. थंड पट्टा, रिकामा पंप आणि बांधावरची पाहणी यांतून सगळे ठीक असल्याचाच निष्कर्ष निघतो. यंत्र नसेल तर बादली आणि घड्याळ आहेच: सुरुवातीला एक मिनिट आणि अर्ध्या तासानंतर एक मिनिट, साधे पाणी गनमधून बादलीत घेऊन मोजावे. 10 टक्क्यांहून अधिक तफावत आली तर औषध बदलण्याआधी पट्टा पाहावा. आणि टाकीत डोकावून परतीच्या नळीची धार पाहावी. एवढ्याने पुष्कळ कळते. पंप थांबवल्यावर पट्ट्याला हात लावून धरवत नसेल, तर तो घसरून तापला आहे. पट्ट्याच्या आतील तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते.

ही सर्व मोजमापे करताना पट्ट्यावर जाळी हवी. मळणीयंत्रांवरील अपघातांच्या पार्श्वभूमीवर 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम झाला. चाळीस वर्षांनंतरही पदर, धोतराचा सोगा आणि गमछा पट्ट्यात अडकण्याचे थांबलेले नाही, कारण पट्टा वारंवार ताणावा लागतो म्हणून जाळी एकदा काढली जाते आणि ती परत बसत नाही. टेन्शनर नीट असला तर जाळी काढण्याचे निमित्तच कमी होते.

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. बहुसंख्य लहान शेतकरी पाठीवरचा बॅटरी पंप वापरतात. त्यात पट्टा नाही. आता ड्रोन आले, त्यातही नाही. हे मान्य. परंतु भाड्याने फवारणी करून देणारे संच वाढत आहेत, आणि तेथे एका सैल पट्ट्याचा परिणाम एका शेतापुरता राहत नाही. एका दिवसात तो दहा जणांच्या बांध्यांत पोहोचतो. मग "या गावात औषध चालत नाही" असे सार्वत्रिक मत तयार होते आणि आम्ही तेथून तुडतुडे गोळा करून प्रयोगशाळेत आणतो. मात्रेच्या चाचण्यांना पिढी वाढवण्यापासून निष्कर्षापर्यंत कित्येक आठवडे लागतात. बादलीच्या चाचणीला पाऊण तास लागतो.

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान 2014-15 पासून राबवले जात आहे आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना त्यातून मोठे साहाय्य मिळाले. यंत्र खरेदीला अनुदान आहे. पट्टा आणि टेन्शनर तपासल्याची नोंद ठेवण्याची सक्ती मात्र व्यवहारात कोठे दिसत नाही. अवजार केंद्राने प्रत्येक संचामागे एक जादा पट्टा, हार्वेस्टरसाठी दोन-तीन ताणपुल्यांची बेअरिंगे आणि एक साधी नोंदवही ठेवावी, एवढी अट घालणे कठीण नाही. पीकसंरक्षणाच्या सल्ला-पत्रकांत औषधाचे नाव, मात्रा आणि पाण्याचे प्रमाण असते. त्यात पंपाचे फेरे आणि मिनिटाला मिळणारे पाणी यांची एक ओळ घालायला जागा निघू शकते.

कीटकनाशक निष्प्रभ ठरल्याच्या तक्रारीसाठी विस्तार कार्यकर्ते जो अर्ज भरून पाठवतात, त्यात येत्या खरिपापासून तीन रकाने वाढवावेत, असा माझा प्रस्ताव आहे: भाराखाली पंपाचे फेरे, अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन बादल्यांचे माप, आणि पट्टा व टेन्शनर शेवटचा बदलल्याचा महिना. हे तीन रकाने भरलेले असतील तर नमुने गोळा करायला मी स्वतः येईन. रिकामे असतील तर आधी दूरध्वनीवर पट्ट्याविषयीच विचारेन.